भिंतीवरची टकटक

११ मार्च २०२० ला जागतिक आरोग्य संघटनेने कोरोनाची महामारी जाहीर केली. मला वृद्धाश्रमात येऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. थोड्याच दिवसांत फाटक बंद झालं, मग जेवणघर, आणि ताट खोलीच्या दाराशी येऊ लागलं. खरं सांगते, पहिला आठवडा मला बरा गेला. कुणी उगाच डोकावत नव्हतं.

त्रास सुरू झाला मास्कमुळे. मला दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं. आपण किती ओठांवरून समजून घेत होतो, ते ओठ झाकले गेल्यावर कळलं. त्यातून श्रवणयंत्र आणि मास्कची नाडी एकाच कानामागे. मास्क काढला की यंत्र उडून पलंगाखाली! शेवटी मी नाड्या डोक्यामागे बांधायला लागले आणि दाराशी पाटी ठेवली. सिस्टरने बोलायचं नाही, लिहायचं.

शेजारच्या खोलीत माई. माझ्याहून मोठ्या, निवृत्त शिक्षिका. आमच्या दोघींचे पलंग एकाच भिंतीला लागून. रात्री नऊला त्यांनी दोनदा टकटक करायची, मग मी दोनदा. मला ती ऐकू यायची नाही, भिंतीला लावलेल्या तळहाताला कळायची.

एका रात्री काहीच आलं नाही. सकाळी आपापल्या दारात उभ्या असताना माईंनी मला विचारलं, "तास संपला का गं?" आदल्याच दिवशी या बाईंनी माझ्या हिशेबातली चूक काढली होती. मी सिस्टरला बोलावलं. कपाळासमोर ते ताप मोजायचं पिस्तूल धरलं: ९७.६. ताप नाही, खोकला नाही. पाटीवर लिहून मिळालं, "वय झालंय, आजी." माझं डोकंच फिरलं. वय काय एका रात्रीत होतं?

मी घंटा वाजवत राहिले. पाचव्यांदा वैतागून सिस्टर ऑक्सिमीटर, म्हणजे बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजायचा चिमटा, घेऊन आल्या. माईंची बोटं गार, आकडाच येईना. हात चोळून चोळून ऊब आणली तेव्हा आला: ८९. चौऱ्याण्णवच्या खाली गेलं की धोका, हे एव्हाना आम्हा सगळ्यांना पाठ होतं. आणि माई धाप न लागता मजेत बोलत होत्या. म्हाताऱ्या माणसांत कोरोना बिनतापाचाही येतो, बरळणं, पडणं, जेवण सुटणं हीच कधीकधी पहिली खूण असते, हे मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं. तेव्हा मला एवढंच कळत होतं की या आमच्या माई नव्हेत.

त्यांना रुग्णवाहिकेतून नेलं. तपासणी पॉझिटिव्ह आली आणि आमचा अख्खा मजला चौदा दिवस आपापल्या खोलीत. पलंग ते खिडकी अकरा पावलं. पडून राहिलात तर मांड्यांतली ताकद भराभर जाते, असं डॉक्टरांनी फोनवर बजावलं होतं, म्हणून हात न टेकता खुर्चीवरून दहादा उठायचं. मी ते रागारागानेच करायची, पण केलं.

आमच्या मजल्यावरचे दोघं दवाखान्यातून परत आले नाहीत. त्यांच्या घरच्यांना शेवटची भेट मिळाली ती दुसऱ्या कुणी धरलेल्या फोनवर. इथे खोल्यांना कुलूप लागलं. त्यांच्याबद्दल आम्ही काही बोललोही नाही. जमायचीच बंदी, बोलणार कुठे?

माई एकोणीस दिवसांनी आल्या, चाकाच्या खुर्चीत, पलंगावरून न्हाणीघरापर्यंतही जाता येत नव्हतं. त्या रात्री मी नऊला भिंतीला तळहात लावून बसले. सव्वानऊ झाले तरी काही नाही, म्हणून मीच दोनदा वाजवलं. बऱ्याच वेळाने उत्तर आलं. एकदाच.

सकाळी विचारलं तर म्हणाल्या, "हात भरून येतो गं. सध्या एकावर भागव."