सदतीस टक्के

अपंगत्वाच्या दाखल्यासाठी मेडिकल बोर्डासमोर जाणार असाल, तर आधी एवढंच ऐका: जिना चढून दाखवायला सांगितला तर रोज घरी जसा चढता तसाच चढा. मी तिथे मर्दुमकी दाखवली आणि माझे सात महिने वाया गेले.

मी लादी बसवणारा. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आणि इकडे साखळी, डिचोलीपर्यंत वीस-बावीस वर्षं घरं, देवळं, दुकानं केली. दोन पावसाळ्यांमागे स्कूटर घसरली आणि डाव्या गुडघ्याखालचं हाड सांध्यापाशीच फुटलं. प्लेट बसवली, हाड जुळलं. पण गुडघा काटकोनाच्या जरा पुढे गेला की गंजलेल्या बिजागरीसारखा अडतो. बाहेरून बघणाऱ्याला मी धडधाकट दिसतो. चालतो, बाजार करतो. फक्त उकिडवं बसता येत नाही, आणि लादीचं सगळं काम उकिडवं बसून. सूत ताणायचं, माल पसरायचा, लादी टेकवायची, रबरी हातोडीने ठोकायची, पुन्हा एक पाऊल मागे सरकायचं. दिवसाला शंभरदा तरी ऊठबस.

युडीआयडीचा, म्हणजे अपंगत्वाच्या सरकारी ओळखपत्राचा, ऑनलाइन अर्ज मुलाने अर्ध्या तासात मोबाइलवरून भरला. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

बोर्डाच्या दिवशी सकाळी आठला जाऊन बाकावर बसलो. नंबर लागला पावणेबाराला. आत तीन डॉक्टर. एकाने प्लास्टिकची कोनमापकासारखी पट्टी गुडघ्याला लावून आकडा सांगितला, दुसऱ्याने लिहिला. मग पाय दाबून ‘जोर काड’ म्हणाले, मी जोर काढला. मग ‘चलून दाखय’. चाललो. उकिडवं बसायला सांगितलं, नाही जमलं. मांडी नाही जमली. गुडघे टेकले, कळ आली पण टेकले. शेवटी बाहेरच्या जिन्यापाशी नेलं.

आता तिथे दारात दोन नर्सा, रांगेतली माणसं, ओळखीचा एक रिक्षावाला. सगळे बघतायत. मला काय झालं कुणास ठाऊक, कठड्याला हात न लावता सरळ वर गेलो. दहा पायऱ्या. वर पोचलो तेव्हा कानशिलं तापली होती, पण चेहऱ्यावर दिसू दिलं नाही. डॉक्टर म्हणाले, “बरें आसा.” मलाही त्या क्षणी बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू! खाली येताना कठडा दोन्ही हातांनी धरला, तेव्हा ते आत निघून गेले होते. संध्याकाळी गुडघा नारळाएवढा सुजला. बायको शेक देत म्हणाली, “अहो, तुम्ही तिथे नोकरी मागायला गेला होता का?”

महिन्याने कार्ड आलं. पांढरं. ३७ टक्के. चाळीसच्या खाली पांढरं, ४० ते ७९ पिवळं, ८० आणि वर निळं. पांढऱ्याचा उपयोग काय, तर पाकिटात ठेवायचं. गोव्याच्या समाजकल्याण खात्याची दरमहा पैसे देणारी दयानंद सामाजिक सुरक्षा योजना आहे, तिला निदान ४० टक्के लागतात. माझे तीन कमी.

पुढचे पंधरा दिवस मी दिसेल त्याला शिव्या घातल्या. माझा राग असा होता की आत कुणी एकदाही विचारलं नाही, तुम्ही काम काय करता? विचारलं असतं तर सांगितलं असतं. पण तो प्रश्न त्यांच्या कागदावरच नाही, हे मला पुढे कळलं. अपिलाचं विचारायला गेलो तेव्हा तिथल्या एका शिकाऊ डॉक्टर मुलीने कोऱ्या कागदावर हिशेब मांडून दाखवला. पायाची हालचाल आणि ताकद किती गेली ते एकीकडे, माझे त्यात २२. दुसरीकडे स्थिरता, तिच्या नऊ गोष्टी: सपाटीवर चालणं, उतारावर चालणं, जिना, दोन्ही पायांवर उभं राहणं, नुसत्या दुखऱ्या पायावर उभं राहणं, उकिडवं बसणं, मांडी घालणं, गुडघे टेकणं, वळणं. प्रत्येकाला दहा. माझे उकिडवं आणि मांडी गेले, म्हणून २०. पण २२ आणि २० म्हणजे ४२ नव्हे! मोठ्या आकड्यात धाकट्याचा फक्त काही भाग मिळवतात: नव्वदातून मोठा वजा करायचा, त्याला धाकट्याने गुणायचं, नव्वदाने भागायचं. आले पंधरा. २२ आणि १५, सदतीस.

मी लाद्यांचे चौरस मीटर तोंडी काढणारा माणूस, हिशेब लगेच कळला. पोटात मात्र उतरला नाही. उकिडवं बसणं म्हणजे नव्वदातले दहा. बँकेतल्या साहेबालाही दहा, मलाही दहा. साहेब खुर्चीवर बसून पगार घेईल, माझी रोजी बंद.

ओळखीच्या वकिलांनी सांगितलं की कामाचा विचार करणारा कायदाही आहे, पण तो वेगळा. १९२३ चा कामगार भरपाईचा कायदा (नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली) कमाईची ताकद किती गेली ते बघायचा. ओरिसातल्या एका सुताराचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला होता. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याचं नुकसान शंभर टक्के धरायचं, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९७५ मध्ये मान्य केलं. ऐकून बरं वाटलं. पण तो मालकाच्या कामावर असताना पडला होता. मी माझ्याच स्कूटरवरून, रविवारी, मासे आणायला जाताना.

तेव्हा २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या ५९व्या कलमाखाली अपील केलं. अर्ज साधा होता, ऑपरेशनचे कागद आणि नवा एक्स-रे जोडला. मग वाट बघणं. फोन केला की ‘फाइल वर गेली’. वर म्हणजे कुठे, ते शेवटपर्यंत कळलं नाही. पावतीवरचा नंबर जपून ठेवा, तो नसता तर माझी फाइल वरच राहिली असती.

दुसऱ्या वेळी बाकावर शेजारी पायाला आधाराचं कॅलिपर लावलेले एक म्हातारे होते, लहानपणीचा पोलिओ. माझी कथा ऐकून म्हणाले, “पात्रांव, आत पैलवान होऊ नकोस. आणि नाटकही करू नकोस, त्यांना लगेच कळतं. घरी करतोस ते कर, आणि नंतर काय होतं ते तोंडाने सांग.” लाखाचं बोलले. हो, आणि सैल अर्धी चड्डी घालून जा, पँट वर ओढण्यात वेळ जातो.

या खेपेला जिन्यावर मी कठडा धरला, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत गेलो आणि चौथ्या पायरीवर थांबलो, कारण घरीही तिथेच थांबतो. काठी टेकली तर लादी पोकळ वाजली. खाली माल नीट भरला नव्हता कुणी. मी म्हणालो, “डॉक्टर, चढेन मी, पण उद्या उठणार नाही.” त्यांनी मान डोलावली आणि लिहिलं. २० चे ३० झाले. पुन्हा तोच हिशेब: ३० आणि २२, येतात पंचेचाळीसच्या जरा आत. कार्डावर ४५. पिवळं.

योजनेला गोव्यात १५ वर्षं राहत असल्याचा दाखला लागतो, उत्पन्नाचाही. त्यासाठी मामलेदार कचेरीच्या खेपा आहेतच. अपिलाच्या निकालाची वाट न बघता ते आधीच काढून ठेवायला हवे होते, मी नाही काढले. महिन्याला जे मिळतं ते माझ्या जुन्या तीन दिवसांच्या मजुरीएवढं. पण औषध आणि गॅस त्यात निघतो. मुलगा आता माझ्या हत्यारांनी काम करतो, मी स्टुलावर बसून सूत बघतो आणि त्याला नको तितकं बोलतो.

दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. आमची बँक पहिल्या मजल्यावर. मी खाली उभा राहतो, मुलगा वर जाऊन सांगतो, आणि बाई फॉर्म घेऊन खाली येतात. पहिल्या वर्षी मी वर गेलो होतो.