चंपीची दाढ गेली तेव्हा कुठे कळलं, चघळायला काय द्यायचं

आमची चंपी गावठी कुत्री, 6 वर्षांची, वजन 18 किलो. अमळनेरला आमचं घर गावाच्या कडेला, मागे कपाशीची शेतं, त्यामुळे ती अर्धी घरातली अर्धी शेतातली. मागच्या पोळ्याच्या सुमारास माझ्या लक्षात आलं की ती भाकरी फक्त डाव्या बाजूने चावते, घास उजवीकडे गेला की खाली टाकते, परत उचलते. तोंडाला वास तर कधीचाच येत होता पण कुत्र्याच्या तोंडाला वास येणारच असं आपण धरूनच चालतो, मीही तेच धरलं होतं. आता कुणी असं म्हटलं की मी त्यांना लगेच ओठ वर करून हिरड्या बघायला लावते.

धुळ्याला नेलं. डॉक्टर मॅडमनी ओठ वर करून टॉर्च मारला आणि मलाच जवळ बोलावून दाखवलं. वरची मोठी दाढ, जिच्याने कुत्रं कात्रीसारखं कापतं ती, तिची बाहेरची बाजू कपची उडावी तशी उडालेली आणि मधोमध एक लालसर काळा ठिपका. तो ठिपका म्हणजे उघडी पडलेली नस. "ताई, ही काय चघळते?" मी सांगितलं, रविवारी मटणाची हाडं आणि रोज ती च्युर्पी, म्हणजे याकच्या दुधाचं वाळवून कडक केलेलं चीज, कारण च्युर्पी नॅचरल आहे, दात साफ राहतात असं मला दुकानात सांगितलं होतं आणि मी दोन वर्षं विश्वासाने आणत होते. मॅडम म्हणाल्या की ही दाढ अशीच तुटते, कडक वस्तूवर कुत्रं सगळा जोर याच दाढेने लावतं, आणि दुखत असलं तरी कुत्रं जेवण सोडत नाही म्हणून घरच्यांना महिनोन् महिने कळत नाही. हे ऐकून मला फार लागलं. किती दिवस ती तशीच शेपूट हलवत माझ्यामागे फिरत होती.

मग आधी रक्ताची तपासणी, एक्सरे, आणि भूल देऊन दाढ काढली. त्या दाढेला तीन मुळं असतात म्हणून तुकडे करून काढावी लागते, साधं उपटणं नाही ते. त्याच भुलीत बाकीच्या दातांचं किटणही काढून घेतलं. आमच्याकडे एकजण भूल न देताच घरी येऊन दात खरवडून देतो, स्वस्तात, पण त्यात वरवर दिसणारं तेवढं पांढरं होतं, हिरडीच्या आतलं तसंच राहतं आणि खरा आजार तिथेच असतो. भुलीची भीती मलाही होती, रात्रभर झोप नव्हती, तरी मी तेच करा म्हणेन. नंतर दोन आठवडे बिनफोडणीच्या वरणात कुस्करलेली भाकरी.

आता प्रश्न असा की पुढे काय द्यायचं? चघळणं बंद करून चालणार नव्हतं. दातावर जो चिकट थर बसतो तो दोन-तीन दिवसांत लाळेतल्या क्षारांनी कडक होऊन किटण बनतो, आणि एकदा किटण झालं की चघळून ते निघत नाही. म्हणजे जे काही द्यायचं ते रोज हवं, आठवड्यातून एकदा मोठं हाडूक दिलं आणि झालं असं नसतं.

मॅडमनी मला एकच परीक्षा शिकवली आणि ती इतकी आपल्यातली आहे की मी कधीच विसरणार नाही. बाजारात दुधी घेताना कोवळा आहे का बघायला आपण नख लावतो ना, तसंच वस्तूला अंगठ्याचं नख दाबायचं. खूण उमटली तर ठीक. नाही उमटली तर ती वस्तू दाताला भारी आहे. आणि तरी शंका वाटली तर स्वतःच्या गुडघ्यावर मारून बघायची, नुसत्या विचारानेच अंग चोरलं जात असेल तर परत ठेवून द्यायची. घरी आल्यावर मी चंपीच्या डब्यातलं सगळं काढून ओट्यावर मांडलं आणि एकेकाला नख लावलं. च्युर्पीवर काहीच उमटलं नाही. हरणाच्या शिंगाचा एक तुकडा कुणीतरी गिफ्ट दिला होता, तो तर दगडच. गुरांचं वाळवलेलं खूर, तेही तसंच. आणि मे महिन्यात आमच्याकडे पारा 45 च्या वर जातो तेव्हा आम्ही फ्रीजमधले बर्फाचे खडे कौतुकाने तिला कुडूमकुडूम फोडायला द्यायचो, तेही बंद, आता गार पाणी देतो.

पण नख उमटलं म्हणजे सगळं झालं असंही नाही, हे मला चामड्याच्या हाडामुळे कळलं. ती पांढरी गाठ मारलेली हाडं, प्रत्येक दुकानात लटकलेली असतात, ती कातड्याची असतात. एक रात्रभर पातेल्यात पाण्यात भिजत टाकलं. सकाळी बघितलं तर फुगून दुप्पट, बुळबुळीत, आणि ओढलं तर तुटेना, चिवट पट्टा नुसता. हे कुत्र्याने मोठा तुकडा तोडून गिळलं तर घशात अडकेल नाहीतर आतड्यात जाऊन बसेल, आणि आतड्यात बसलं की ऑपरेशनच. माझी चंपी तर हावरट, सगळं गिळूनच टाकते, मग तिच्यासाठी ते नाहीच.

घरात सगळ्यात अवघड होतं आमच्या आप्पांना समजावणं. सासरे आहेत, शेतकरी माणूस, आयुष्यभर कुत्री पाळली. "हाडूक ते कुत्रानं खानंच शे, तिले काय व्हस?" त्यांचा चंपीवर माझ्याहून जास्त जीव, म्हणून वाद न घालता मी त्यांना काढलेली दाढ दाखवली, मॅडमनी डबीत दिली होती. बराच वेळ हातात घेऊन बसले. मग मी सांगितलं की शिजवलेलं हाड ठिसूळ होतं, त्याच्या अणकुचीदार कपच्या निघतात, कोंबडीच्या तर जास्तच, आणि आपल्या काळ्या मसाल्याच्या रश्श्यात कांदा-लसूण असतो जो कुत्र्याच्या रक्ताला वाईट. त्या रविवारपासून त्यांनी हाडं कागदात बांधून लांब टाकायला सुरुवात केली. एक मात्र त्यांनीच मला सांगितलं जे मला सुचलंही नव्हतं, पऱ्हाटीच्या काड्या. कपाशी उपटून झाली की बांधावर ढीग असतात आणि चंपी तिथे जाऊन काड्या चावते. त्यांच्या एका कुत्र्याच्या टाळूत अशी काडी आडवी अडकली होती, दोन्हीकडच्या दाढांच्या मधे, दोन दिवस लाळ गळत होती तेव्हा कळलं. आता शेतातून आली की आप्पा तिचं तोंड उघडून बघतात.

शेवटी काय ठरलं. रोज एक डेंटल स्टिक, पिठाची असते ती, वाकवली की वाकते, खाचा असलेली, म्हणजे दात आत रुततो आणि कडा घासल्या जातात. साइज तिच्या वजनाची घ्यायची, लहान कुत्र्याची घेतली तर दोन घासांत गिळते आणि उपयोग शून्य. काहींमध्ये सोडियम हेक्सामेटाफॉस्फेट असतं, ते लाळेतलं कॅल्शियम धरून ठेवतं म्हणून थर कडक होत नाही. परदेशात व्हेटरनरी ओरल हेल्थ कौन्सिल नावाची संस्था आहे, ज्या वस्तूने दातावरचा थर किंवा किटण कमी होतं हे चाचणीत दिसलं तिला ते शिक्का देतात. मी दुकानात पाकिटं उलटीसुलटी करून तो शिक्का शोधते. नाही मिळाला तर निदान साखर किती, मीठ किती ते वाचते आणि नख लावते. पाकिटावर नुसतं 'दात स्वच्छ' लिहिलेलं मी आता धरत नाही.

स्टिकमध्ये कॅलरीज असतात हे लक्षातच येत नाही. खाऊ सगळा मिळून दिवसाच्या खाण्याच्या दहाव्या भागापेक्षा जास्त नको, म्हणून स्टिक द्यायला लागल्यापासून तिची संध्याकाळची भाकरी अर्धी कमी केली. मधल्या वेळेला चांगलं जाड गाजर, ते तिला फार आवडतं पण गाजराने दात घासले जातात असं मी म्हणणार नाही, तोंड चालू राहतं एवढंच. केळी तर आमच्या जिल्ह्यात ढीगभर, पण मऊ आणि गोड, दाताच्या कामाची नाहीत. एक रबरी खेळणं आहे, नख दाबलं की दबतं, त्याच्या खाचांत मी कुत्र्याची पेस्ट लावते. कुत्र्याचीच हं, आपली नको, आपल्या काही पेस्टमध्ये झायलिटॉल, साखरेऐवजी घालतात ते, असतं आणि ते कुत्र्याला विष आहे, शिवाय कुत्री थुंकत नाहीत, सगळं पोटात जातं.

आणि ब्रश. चघळण्याने मागच्या दाढा घासल्या जातात, पुढचे दात आणि हिरडीची कड राहतेच, तिथे ब्रशच लागतो. पहिला आठवडा नुसतं बोटाला फडकं गुंडाळून ओठाच्या आतून फिरवलं, दुसऱ्या आठवड्यात बोटावरचा ब्रश, आता 30 सेकंद एक बाजू 30 सेकंद दुसरी. जिथे दाढ नाही तिथे बोट लागलं की अजून ती मान काढून घेते. मी थांबते, गळ्याखाली खाजवते, मग पुढे.

सहा महिन्यांनी दाखवून आणलं, हिरड्या गुलाबी, डाव्या बाजूला थोडा थर आहे कारण ती अजूनही त्याच बाजूने चावते... नाही, उलट, उजवीकडे थर आहे, जिकडून चावत नाही तिकडे. म्हणून आता स्टिक मी हातात धरते आणि मुद्दाम उजवीकडून देते. हातात धरल्याने दुसरं एक काम होतं, शेवटचा बोटभर तुकडा राहिला की ती तो अख्खा गिळायला बघते, तेव्हा मी दुसऱ्या हातात भाकरीचा तुकडा दाखवते, ती भाकरी घ्यायला तोंड उघडते आणि तो बोटभर तुकडा माझ्या हातात राहतो.