गोळ्यांनी गाठी होतात का?

ठाण्याहून सुटणाऱ्या पनवेल लोकलच्या लेडीज डब्यात हा प्रश्न मला नेहमी कुजबुजत विचारला जातो. ऐरोलीपर्यंत इकडच्या तिकडच्या गप्पा होतात आणि रबाळे जवळ आलं की शेजारची हळूच म्हणते, ‘ताई, दिवस राहायला गोळ्या दिल्यात. त्यांनी गाठी होतात म्हणे. तुम्हालाही झाली होती ना?’

झाली होती. डाव्या अंडाशयात, ४२ मिलिमीटरची. तुम्ही विचारलंत म्हणून सगळं सांगते. अर्धवट ऐकून एकीने गोळ्या मधेच सोडल्या आणि एकीने तपासणीशिवाय चालू ठेवल्या, हे दोन्ही मी पाहिलंय. त्यातली दुसरी मीच.

मला क्लोमिफीन दिली होती. पाळीच्या दुसऱ्या दिवसापासून पाच दिवस, रोज ५० मिलिग्रॅमची एक. ही गोळी मेंदूला इस्ट्रोजेन कमी पडल्याचं भासवते, म्हणून तो अंडाशयाला चालना देणारे हार्मोन जास्त सोडतो. स्त्रीबीज पाण्याच्या छोट्या फुग्यात वाढतं, त्याला फॉलिकल म्हणतात. तो दिवसाला साधारण २ मिलिमीटर वाढतो आणि १८-२० च्या पुढे गेला की फुटून बीज बाहेर येतं. कधी तो फुटतच नाही, पाणी साठत राहतं. कधी फुटल्यावर मागे राहिलेला भाग मिटून पुन्हा भरतो. ३० मिलिमीटरच्या पुढे गेला की रिपोर्टात ‘सिस्ट’ लिहून येतं, आणि घरी त्याची ‘गाठ’ होते. हा शब्द ऐकला की बाईच्या पोटात गोळा येतो. पण ही पाण्याची गाठ म्हणजे दर महिन्याला होणारीच गोष्ट मधे अडलेली असते. ती कॅन्सर नव्हे. कधीच गोळ्या न घेतलेल्या बाईलाही ती होते.

गोळ्यांनी शक्यता वाढते, हेही खरं. क्लोमिफीनच्या माहितीपत्रकात अंडाशय मोठं झाल्याची नोंद १३.६ टक्के आहे. त्याच पत्रकात असंही आहे की सिस्ट असताना ही गोळी देऊ नये. पीसीओडीच्या, म्हणजे बीज वेळेवर तयार होत नाही त्या त्रासातल्या, ‘गाठी’ यात येत नाहीत. त्या २ ते ९ मिलिमीटरच्या, वाढ थांबलेल्या फॉलिकल असतात, आणि हीच गोळी त्यांच्यासाठीही देतात.

माझं काय चुकलं ते सांगते. पहिल्या महिन्यात सगळ्या सोनोग्राफी नीट केल्या. दुसऱ्या महिन्याची पाळी आली ती मार्चअखेरीस. मी अकाउंट्समध्ये आहे. सकाळी नौपाड्यात जाऊन रांगेत बसणं जमेना, म्हणून जुनी चिठ्ठी दाखवून गोळ्या घेतल्या आणि सुरू केल्या. मागच्या महिन्याचा फॉलिकल फुटलाय की तिथेच बसलाय, हे दुसऱ्या दिवशीच्या सोनोग्राफीत दिसतं. ती मी टाळली. पंधरा दिवसांनी स्टेशनचा पूल चढताना डावीकडे ओढ बसायला लागली. पुढच्या पाळीला सोनोग्राफीत ४२ चा आकडा आला. आधीपासून होती की त्या महिन्यात झाली, हे मला कधीच कळलं नाही.

डॉक्टरांनी गोळ्या थांबवल्या आणि दोन महिने काहीच दिलं नाही. मला ऑपरेशनची धास्ती होती. दुसऱ्या महिन्याच्या रिपोर्टात डावं अंडाशय स्वच्छ होतं. अशा बहुतेक गाठी एक-दोन पाळ्यांत आपोआप विरतात. वाट बघणं हाच उपचार, आणि तोच सगळ्यात जड जातो, कारण घरात प्रत्येक महिना मोजला जात असतो.

आता बऱ्याच जणींना क्लोमिफीनऐवजी लेट्रोझोल ही गोळी देतात, विशेषतः पीसीओडी असेल तर. ‘ती बंदी घातलेली गोळी’ असं एखादी मावशी सांगेल. २०११ मध्ये वंध्यत्वासाठी तिच्यावर आपल्याकडे बंदी आली होती, ती २०१७ मध्ये उठली. इंजेक्शनं चालू असतील तर मात्र जास्त लक्ष ठेवा. त्यांनी एकाच वेळी पुष्कळ फॉलिकल वाढू शकतात. पोट झपाट्याने फुगलं, वजन एकदम वाढलं, लघवी कमी झाली किंवा धाप लागली तर त्याच दिवशी दाखवा. आणि एका बाजूला अचानक असह्य दुखून उलट्या सुरू झाल्या तर रात्र काढू नका, थेट हॉस्पिटल गाठा. मोठ्या सिस्टमुळे अंडाशयाला पीळ पडू शकतो, आणि मग एकेक तास महत्त्वाचा असतो.

यानंतर पुढचा प्रश्न येतोच: ‘मग मूल?’ नाही झालं. सहा महिने गोळ्या झाल्या, राहिलं नाही. ‘त्या गाठीनेच घात केला’ असं माझ्या सासूबाई अजून म्हणतात. त्या प्रेमापोटी म्हणतात, पण ते तसं नाही. गाठ विरल्यावर त्याच डाव्या बाजूला दोनदा बीज तयार होऊन फुटलेलं मी स्वतः स्क्रीनवर पाहिलंय. आमच्याकडे अडचण वेगळी निघाली, आणि ह्यांची तपासणी कुणी पहिल्याच महिन्यात सांगितली असती तर ती तेव्हाच कळली असती. तुमच्याकडे झाली नसेल तर करून घ्या.

आणि पाळीचा दुसरा दिवस रविवारी आला तर सोनोग्राफी सेंटर बंद असतं. सोमवारी चालेल का, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. तोवर गोळी सुरू करू नका.