मुंबई ते भंडारदरा: कॅम्परची बॅटरी गाडीवर नीट चार्ज करायची तर

कसारा घाट चढून घोटीला चहासाठी थांबलो, तेव्हा इंजिन बंद करण्याआधीच मल्टीमीटर लावला. गाडीमागे ओढत आणलेल्या कॅम्परच्या बॅटरीवर १४.४ व्होल्ट, म्हणजे ती नीट चार्ज होत होती! याआधी इथवर येईपर्यंत फ्रिज बॅटरी खात यायचा आणि भंडारदऱ्याला पोचल्यावर दूध टिकेल की नाही याचीच चिंता असायची.

अडचण गाडी आणि ट्रेलरची वायरिंग जोडणाऱ्या सात पिनांच्या सॉकेटची आहे. ते मुळात दिव्यांसाठी: इंडिकेटर, टेल, ब्रेक आणि तीन नंबरला अर्थ. चार्जिंगला त्यात जागाच नाही. म्हणून मागच्या फॉग लॅम्पची दोन नंबरची पिन त्या कामाला जुंपतात. आमच्या ट्रेलरलाही तसंच दिलं होतं, वायर २.५ स्क्वेअर एमएमची. गाडीच्या बॅटरीपासून कॅम्परच्या बॅटरीपर्यंत जायचे सात मीटर, परतीचे सात. १० अँपिअर वाहिले की जवळपास एक व्होल्ट वाटेतच जिरतो. मग बॅटरी भरणार कशी?

दिवे सात पिनांवरच ठेवले आणि चार्जिंगसाठी १० स्क्वेअर एमएमच्या वायरची वेगळी जोडी ओढून घेतली. वायर लोहार चाळीत. ५० अँपिअरचा अँडरसन कनेक्टर (जाड वायरी जोडायचा प्लग), फ्यूज होल्डर, थिंबल (वायरच्या टोकाला बसवायचं धातूचं टोक) हे सगळं लॅमिंग्टन रोडला. रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकानं बंद असतात. थिंबल पकडीने चेपू देऊ नका, क्रिंपरनेच दाबून घ्या आणि वर हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवा.

कॅम्परमध्ये २० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर बसवला. हा खर्च टाळू नये असं माझं ठाम मत आहे. बऱ्याच नव्या गाड्यांचा अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज तयार करणारा भाग) मधूनच व्होल्टेज उतरवतो. हा चार्जर ते पुन्हा उचलून बॅटरीला हवं तेवढं देतो. तो गाडीकडून २५ अँपिअरपर्यंत ओढतो, म्हणून ४० चा फ्यूज, आणि तो दोन्ही बॅटऱ्यांच्या अगदी जवळ, एकेक. इग्निशनची बारीक वायर जोडायलाच हवी, नाहीतर गाडी बंद असतानाही गाडीचीच बॅटरी उपसली जाईल. गाडीच्या बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर करंट मोजणारा सेन्सर असेल तर आपली वायर त्यावर न लावता बॉडी अर्थला लावा.

इंडिकेटर दिला की टेल लॅम्पही त्याच तालात मंद-तेज होत असेल, तर अर्थ कच्चा आहे. ट्रेलर ओढणाऱ्या हुकच्या लोखंडावर भरवसा नको, स्वतंत्र वायर टाका. आपल्या खाऱ्या हवेत पिनांवर हिरवट थर लवकर चढतो. पावसाळ्याआधी घासून पेट्रोलियम जेली लावा आणि सॉकेटचं तोंड खाली ठेवा.