पितळी नॉबचा रेडिओ

व्हॉल्व्हच्या, म्हणजे काचेच्या पोकळ नळ्यांवर चालणाऱ्या जुन्या रेडिओंची दुरुस्ती करणाऱ्याकडे अलीकडे येणाऱ्या गिऱ्हाइकांपैकी बऱ्याच जणांना रेडिओ ऐकायचा नसतो, तो दिवाणखान्यात दिसायला हवा असतो. माझी त्याला हरकत नाही, कारण त्या निमित्ताने निदान चार पेट्या भंगारात जायच्या वाचतात. गेल्या पावसाळ्यात पुण्यातील माझ्या दुकानात आलेल्या एका गृहस्थांना मात्र दोन्ही गोष्टी हव्या होत्या: रेडिओ वाजायला हवा होता आणि तो पन्नासच्या दशकाच्या अखेरच्या एका कृष्णधवल हिंदी चित्रपटात दिसणाऱ्या रेडिओसारखाच दिसायलाही हवा होता. त्या चित्रपटातील एक चौकट त्यांनी मोबाइलमध्ये जपून ठेवली होती. लाकडी पेटी, कापडी जाळी, दोन मोठे नॉब आणि डायलच्या वरच्या बाजूला केंद्र नीट लागले की मिटत जाणारा तो हिरवा चमकता डोळा, म्हणजे ‘मॅजिक आय’, हे सारे तिच्यात स्पष्ट दिसत होते.

रेडिओ त्यांनी आधीच विकत घेतला होता. टेबलावर ठेवल्यावर पाहिले, तर साम्य खरोखरच थक्क करणारे होते. चकाकते पॉलिश, नवी कापडी जाळी आणि दोन्ही नॉब भरीव पितळेचे. “आवाज फारच बारीक येतो, काका,” ते म्हणाले, आणि मग जाता जाता सांगावे तसे म्हणाले, “आणि नॉबला हात लावला की थोड्या मुंग्या येतात. जुन्या रेडिओंना तसे होतच असेल ना?”

ते वाक्य ऐकून मी रेडिओ सुरू न करताच त्याचा मागचा पुठ्ठा काढला. या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला कारखान्याने चिकटवलेला व्हॉल्व्हचा नकाशा पुष्कळदा शाबूत असतो, तसा तो इथेही होता. त्यावर ईसीएच ८१, ईबीएफ ८९, ईएल ८४, ईझेड ८० आणि मॅजिक आयसाठी ईएम ८० अशी नावे छापलेली होती. आत मात्र यूसीएच ८१, यूबीएफ ८९, यूसीएल ८२ आणि यूवाय ८५ हे व्हॉल्व्ह बसवलेले होते. या नावांतील पहिल्या अक्षराला मोठा अर्थ आहे. ‘ई’ म्हणजे ६.३ व्होल्टवर चालणारा फिलॅमेंट (व्हॉल्व्हमधील तापणारी तार), ज्याला पॉवर ट्रान्सफॉर्मर लागतो. ‘यू’ म्हणजे १०० मिलिअँपिअरचा फिलॅमेंट. असे सगळे व्हॉल्व्ह एकापुढे एक माळेत जोडून थेट घरातील विजेवर चालवले जातात. थोडक्यात, पेटी ट्रान्सफॉर्मरच्या मोठ्या रेडिओची होती आणि पोटात एसी-डीसी जातीच्या लहान टेबल रेडिओची चॅसिस (सगळे भाग बसवलेला धातूचा सांगाडा) होती, तीही नवी भोके पाडून कशीबशी बसवलेली. मॅजिक आयच्या जागी हिरव्या प्लॅस्टिकच्या चकतीमागे एक एलईडी होता. केंद्र लागो वा न लागो, तो आपला जळतच राहणार.

एसी-डीसी जातीत गैर काही नाही. काही शहरांच्या काही भागांत त्या काळी डीसी वीजपुरवठा होता आणि असे रेडिओ दोन्हींवर चालत. ट्रान्सफॉर्मर वाचत असल्यामुळे ते स्वस्तही पडत. पण त्यात विजेची एक तार थेट चॅसिसला जोडलेली असते. पिन उलटी बसली की अख्खी चॅसिस फेजवर, म्हणजे शॉक देणाऱ्या जिवंत तारेवर जाते. म्हणूनच कारखान्याचे नॉब बॅकेलाइटचे असत, त्यांचा स्क्रू खोल बसवलेला असे आणि त्यावर मेण भरलेले असे. बोट धातूला कुठूनही लागू नये, एवढाच त्यामागचा हेतू. इथे चित्रपटातील नॉबची चकाकी साधण्यासाठी कोणीतरी नेमका तोच बंदोबस्त काढून टाकला होता.

सांगून पटेलच असे नाही, म्हणून मी रेडिओला वीज दिली, त्यांना दोन पावले मागे उभे केले आणि पितळी नॉबला टेस्टर लावला. टेस्टरचा दिवा ठसठशीत लागला. पिन उलटी केल्यावर विझला. गृहस्थ बराच वेळ त्या नॉबकडे पाहत राहिले, मग सावकाश म्हणाले, “नातू रोज हाच फिरवतो.”

त्यानंतरचे काम नेहमीचे होते. घरातील विजेशी थेट जोड तोडणाऱ्या वर्कशॉपच्या आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरवर रेडिओ घेतला आणि पहिल्या खेपेला ६० वॅटचा बल्ब सिरीजमध्ये ठेवला. आवाज बारीक येण्याचे कारण मेणाच्या जुन्या कंडेन्सरमध्ये सापडले. त्यातून गळती होऊन आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडवर (प्रवाह ताब्यात ठेवणाऱ्या जाळीवर) पॉझिटिव्ह दाब येत होता आणि व्हॉल्व्ह भाजून निघत होता. तो कंडेन्सर आणि वाळलेले फिल्टर कंडेन्सर बदलल्यावर पुणे केंद्र ७९२ किलोहर्ट्झवर खणखणीत लागले. काटा मात्र डायलवर ३०० मीटरपाशी उभा होता. ७९२ किलोहर्ट्झच्या तरंगलांबीच्या हिशेबाने तो ३७९ च्या आसपास हवा. काचेवरील अक्षरे म्हणजे मागून चिकटवलेले नवे स्टिकर निघाले, त्यामुळे त्याला माझा इलाज नव्हता.

चहा घेताना मी त्यांना चित्रपटातील तो प्रसंग पुन्हा दाखवायला सांगितले. नायिका बटण फिरवते आणि त्याच क्षणी गाणे सुरू होते. व्हॉल्व्ह तापायला वीस-तीस सेकंद तरी लागतात, तोवर कोणताही रेडिओ ब्र काढत नाही. शिवाय चौकटीत ना एरियलची तार दिसत होती, ना विजेची. ती पेटी कदाचित रिकामीच असेल, असे मी म्हटल्यावर ते मनापासून हसले.

विक्रेत्याने रेडिओ परत घेण्यास नकार दिला. इतके पुरावे असूनही भांडत बसण्यापेक्षा तो सुरक्षित करून घ्यावा, असे त्यांनी ठरवले. मोठ्या पेटीत जागा मुबलक असल्याने १०० व्हीएचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर आतच बसला. पितळी नॉब मी काढायला लावले. त्यावर त्यांनी बरीच घासाघीस केली, पण मी ऐकले नाही; माझ्याकडील भंगारातले बॅकेलाइटचे नॉब लावले आणि स्क्रूवर मेण भरले. एलईडी काढून खरा मॅजिक आय बसवायचा त्यांचा आग्रह आहे. त्या माळेत ईएम ८० चालत नाही, १९ व्होल्टचा यूएम ८० लागेल आणि तो बसवल्यावर माळेतला रेझिस्टन्स कमी करावा लागेल. दोन ठिकाणी सांगून ठेवले आहे. अजून मिळालेला नाही.