हॅरिस बेटावर भट्टी बघायला 🥃

आज स्कॉटलंडमधल्या स्काय बेटाच्या उइग बंदरातून फेरी पकडून हॅरिसला आलो, दीडेक तासाच्या वर समुद्र आणि वारा असा की टोपी सांभाळणं हेच काम. टार्बर्टला उतरलं की जवळच डिस्टिलरी, 2015 ला सुरू झालेली. मला वाटलेलं कुणातरी पैसेवाल्याची हौस असणार, पण गणित ऐकून चाटच पडलो.

बघा ना, स्कॉच म्हणायचं तर माल ओकच्या पिंपात निदान 3 वर्षं पडून राहायलाच पाहिजे, कायदाच आहे तसा, म्हणजे इमारत उभी, तांब्याचे स्टिल (दारू गाळायची मोठी भांडी) बसवलेले, पगार चालू आणि विकायला व्हिस्कीचा थेंब नाही, वर दरवर्षी पिंपातलं साधारण 2 टक्के हवेत उडतं ते वेगळंच. मग ह्यांनी काय केलं, तर जिन! जिनला मुरवायची भानगड नाही. इथल्याच समुद्रातलं शुगर केल्प नावाचं शेवाळ घालतात त्यात, आणि बाटली तर एवढी देखणी की रिकामी झाली तरी टाकवत नाही. तिच्या जिवावर व्हिस्की आरामात मुरली ती थेट 2023 ला बाजारात, नाव 'द हेराख'.

आणि हे सगळं कशासाठी, तर बेटावरच्या पोरांना बेटावरच नोकरी मिळावी म्हणून. पोरं शहरात आणि गावात म्हातारी माणसं, हे कोकणातल्या माणसाला काय समजवायचं!

उद्या रविवार, इथे जवळजवळ सगळं बंद, म्हणून जेवणाचं सामान आजच भरून ठेवलंय. बाटलीपण. परवा गाडी बायको चालवणारे 😄