अवर्षण चतुष्कोन आणि साबुदाण्याची खिचडी

माझ्या टाचण वहीत पुढून टाचण असतं आणि मागून मुलं असतात. वर्गात कुणी असं काही बोललं की ते विसरायला नको वाटतं, तर ते मी शेवटच्या पानापासून उलटं लिहीत येते. ठाण्यात, नौपाड्याकडच्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत मी नववी-दहावीला भूगोल शिकवते. मूल धड्यावरून विनोद करतं तेव्हा त्याला तो धडा कळलेला असतो, हे माझं मत या मागच्या पानांवरूनच बनलं. आमच्या शिक्षकखोलीत ते सगळ्यांना पटतं असं नाही. आज त्यातलं थोडं इथे उतरवते.

दहावीचं भूगोलाचं पुस्तक ज्यांनी हल्ली उघडलं नसेल त्यांना आधी एक सांगायला हवं. 2018 पासून त्यात भारताच्या शेजारी ब्राझील बसलाय. स्थान-विस्तार, प्राकृतिक रचना, हवामान, वनस्पती, लोकसंख्या, सगळं दोघांचं जोडीने. सुरुवातीला पालक विचारायचे, आमच्या मुलांना ब्राझील कशाला? मुलांनी मात्र कधी विचारलं नाही. त्यांनी जून संपायच्या आत ब्राझील वर्गात आणून बसवला.

उदाहरणार्थ मधली सुट्टी. आमच्या वर्गात डबे फिरतात. पुढच्या बाकांवरून निघतात आणि मागे जाता जाता हलके होतात. गुरुवारी एका मुलीच्या डब्यात साबुदाण्याची खिचडी असते, दाण्याचं कूट सढळ हाताने घातलेली. ती तिसऱ्या बाकाच्या पुढे कधीही गेलेली नाही, कारण तिसऱ्या बाकावर एक धिप्पाड, खवय्या मुलगा बसतो. ब्राझीलची प्राकृतिक रचना शिकवून झाली त्याच आठवड्यात शेवटच्या बाकावरून घोषणा आली, "बाई, आमची चार बाकं म्हणजे अवर्षण चतुष्कोन!"

भूगोल असा आहे: अटलांटिकवरून येणारे बाष्पयुक्त वारे ब्राझीलच्या उच्चभूमीच्या कड्याला अडतात. पुस्तकात त्याला अजस्र कडा म्हटलंय. किनाऱ्याच्या बाजूला पाऊस पडतो, पलीकडे तो फारसा पोचत नाही, ती पर्जन्यछाया. ईशान्येकडचा तो कोरडा भाग म्हणजे अवर्षण चतुष्कोन. मुलांनी यातला एक दुवा गाळला नव्हता. पुढचे दोन बाक किनारा, खिचडी म्हणजे बाष्प, आणि तिसऱ्या बाकावरचा तो मुलगा स्वतःच उठून, छाती पुढे काढून म्हणाला, "बाई, अजस्र कडा हजर आहे." वर्ग दोन मिनिटं हसत होता. मी फळ्यावर काढलेला काटछेद पुसून टाकला आणि बाकांचा काढला. त्या तुकडीला पर्जन्यछाया पुन्हा शिकवावी लागली नाही. आणि खिचडीवाल्या मुलीच्या आईने पुढच्या गुरुवारी मागच्या चार बाकांसाठी वेगळा डबा दिला. त्याला मुलांनी "कृत्रिम पाऊस" म्हटलं.

याच तुकडीतल्या एका मुलाचे केस वाढले होते. पी.टी.च्या सरांनी त्याला रांगेतून बाहेर काढलं, उद्या कापून ये म्हणाले. मागून आवाज आला, "सर, वृक्षतोड नको, जगाची फुप्फुसं आहेत ती." सर भूगोलाचे नाहीत, त्यांना हा उद्धटपणा वाटला आणि ते ज्या त्वेषाने शिक्षकखोलीत आले ते मी समजू शकते, कारण उन्हात दीडशे मुलं उभी करायचं काम सोपं नसतं. मी त्यांना ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या वर्षावनांबद्दल सांगितलं, मग तेही हसले. दुसऱ्या दिवशी मुलगा केस कापून आला, पण घाईत कापलेले, इथे दाट, तिथे विरळ. शेजारच्याने निदान केलं: "रोका." रोका म्हणजे तिकडची स्थलांतरित शेती, आपल्याकडच्या झूमसारखी, जंगलाचा तुकडा तोडून, जाळून केलेली. ब्राझीलमधल्या निर्वनीकरणाची कारणं विचारली की हा शब्द लिहायला मुलं हमखास विसरतात. त्या वर्षी कुणी विसरलं नाही.

पण मागच्या पानांवरचं माझं सगळ्यात लाडकं वाक्य वेगळंच आहे.

आमची शाळा सकाळची. 7.10 ला प्रार्थना. घोडबंदर रोडवरून येणाऱ्या मुलांची मला कायम काळजी वाटते, पावसाळ्यात तर कासारवडवलीहून निघालेलं मूल माजिवडा नाक्यावर किती वेळ अडकेल याचा नेम नाही. त्यातला एक मुलगा त्या दिवशी सव्वासातला दारात उभा राहिला, शर्ट चिकटलेला, दप्तर पोटाशी. माझी हजेरी घेऊन झाली होती.

"का रे उशीर?"

"बाई, ब्राझीलच्या हिशोबाने मी कालच आलोय."

मी हजेरीचा कॅटलॉग मिटला आणि त्याला फळ्यावर बोलावलं, हिशोब मांड म्हटलं. त्याने मांडला. भारताची प्रमाणवेळ 82°30' पूर्व रेखावृत्तावरून, मिर्झापूरजवळून. ब्राझीलची 45° पश्चिमेवरून. दोन्ही शून्याच्या दोन बाजूंना, म्हणून बेरीज, 127°30'. एका अंशाला 4 मिनिटं. 510 मिनिटं, म्हणजे साडेआठ तास. ब्राझील पश्चिमेला, म्हणून वजा. आपले सकाळचे 7.15, ब्रासिलियात आदल्या रात्रीचे 10.45. "तारीख कालची आहे बाई," तो खडू ठेवत म्हणाला.

या गणितात बेरीज करायची की वजाबाकी, इथे वर्षानुवर्षं मुलं घसरतात. याने बसमध्ये उभ्या उभ्या, उशीर झाल्याच्या भीतीत, ते तोंडी केलं होतं, आणि तारीख बदलते ही शेवटची पायरीसुद्धा पकडली होती. मी त्याची हजेरी लावली. घटक चाचणीत 2 गुणांसाठी हाच प्रश्न घातला: सकाळी 7.15 ला शाळेत पोचलेल्या विद्यार्थ्याच्या वेळी ब्रासिलियात किती वाजले असतील? तुकडीत बहुतेकांनी बरोबर सोडवला. एका उत्तराखाली बारीक अक्षरात ओळ होती, "म्हणून त्याला शेरा देऊ नये." त्या ओळीला गुण देता येत नाहीत, म्हणून शेजारी हसरा चेहरा काढून दिला.

पावसाळ्यातला विनोद हा वेगळा विभाग आहे. ठाण्यातलं कुठलंही मूल जुलै महिन्यात अर्धं हवामानतज्ज्ञ होतं, सुट्टीपायी. हवामान विभागाचा इशारा पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे दप्तर ठेवून द्या. आम्ही गॅलरीच्या कठड्यावर प्लास्टिकच्या बाटलीचा पर्जन्यमापक ठेवतो, वरचा भाग कापून उलटा नरसाळ्यासारखा बसवलेला, बाजूला पट्टी चिकटवलेली. हवामान विभागाची वर्गवारी मुलांना पाठ आहे: 24 तासांत 64.5 मिलिमीटरपासून मुसळधार, 115.6 पासून अति मुसळधार, 204.5 पासून अत्यंत मुसळधार. गेल्या पावसाळ्यात एकदा रात्रभर कोसळूनही सुट्टी जाहीर झाली नाही. ओल्या छत्र्यांचा ढीग, ओले मोजे, सगळ्यांची तोंडं उतरलेली. पर्जन्यमापक बघून आलेली मुलगी वर्गापुढे उभी राहिली आणि निकाल वाचावा तशी म्हणाली, "204.4. एका दशांशाने नापास." बाटलीवरच्या पट्टीत एवढं बारीक मोजताच येत नाही, हे तिलाही ठाऊक होतं. सगळा वर्ग हसला आणि ओल्या मोज्यांसकट पहिला तास सुरू झाला.

याच वर्गाला मी सांगितलं होतं की हवामान विभाग पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते साडेआठ असा मोजतो. सांगायला नको होतं असं काही सहकाऱ्यांचं मत आहे, कारण साडेआठच्या आत आलेला कुणीही आता स्वतःला उशिरा आलेला मानत नाही.

हसण्याचे सगळेच प्रकार मला चालतात असं नाही. रंगावरून, आडनावावरून, वडिलांच्या कामावरून, अडखळत बोलण्यावरून कुणी बोललं की माझा आवाज चढतो आणि त्या दिवशीचं शिकवणं तिथेच थांबतं. त्या बाबतीत मी कडक आहे आणि राहीन. फरक ओळखायची माझी खूण साधी आहे. ज्याच्यावर विनोद झाला ते मूल मोठ्याने हसतंय का आणि त्यात स्वतःची भर घालतंय का, ते बघते. अजस्र कड्याने घातली होती. एकदा एकाला दुसऱ्यांनी नाव ठेवलं आणि तो नुसता वहीत बघत बसला. ते नाव त्या वर्गात पुन्हा उच्चारलं गेलं नाही, याची काळजी मी वर्षभर घेतली.

इतिहासाच्या तासाचाही एक नमुना माझ्याकडे आहे, बदली तासाला गेले होते तेव्हाचा. 16 एप्रिल 1853, बोरीबंदर ते ठाणे, पहिली प्रवासी रेल्वे. ठाण्याच्या मुलांना ही तारीख शिकवावी लागत नाही. तरी एका मुलीने हात वर केला. तिची आई रोज लोकलने दादरला कामाला जाते. "बाई, त्या गाडीत तिघांच्या बाकावर चौथी सीट मिळायची का?" मग चर्चा पेटली. परतीच्या गाडीत खिडकी मिळावी म्हणून कुणी मुलुंडहून उलटं ठाण्याला आलं असेल का, फलाटावर पहिला धक्का कुणी कुणाला दिला, "पुढे चला, पुढे चला" हे शब्द आधी कुठल्या भाषेत उच्चारले गेले. तास संपला तेव्हा मी फळ्यावर फक्त तारीख लिहिली होती.

आता क्षेत्रभेटीचं. पुस्तकातला पहिला पाठच तो आहे आणि मी तो वर्गात बसून शिकवत नाही. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून ठाणे खाडीत बोटीने फ्लेमिंगो बघता येतात. 2015 साली तिथे फ्लेमिंगो अभयारण्य घोषित झालं, 2022 मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत नाव आलं. मागच्या खेपेला मी सांगत होते, पक्ष्यांचा गुलाबी रंग त्यांच्या खाण्यातून येतो, शेवाळातल्या रंगद्रव्यांमुळे. एक जण फार गंभीरपणे म्हणाला, "मग मी इतकी वर्षं मिसळ खाऊन लाल कसा झालो नाही?" त्याची तक्रार मला शास्त्रीय वाटली आणि बोट धक्क्याला लागेपर्यंत आम्ही त्यावर बोललो. दुसऱ्या एका मुलीला समजलं की हे पक्षी हिवाळ्यात येतात आणि पावसाच्या तोंडावर निघून जातात. ती ओरडली, "म्हणजे हेही मे महिन्यात गावी जातात!" वर्गातली निम्मी मुलं कोकणातली. त्या क्षणापासून फ्लेमिंगो त्यांचे चाकरमानी झाले.

यंदाची तारीख अजून ठरायची आहे, बोटी भरतीची वेळ बघून सुटतात. प्रश्नावली करायचं काम या वेळी मी आताच्या अवर्षण चतुष्कोनाकडे, म्हणजे मागच्या चार बाकांकडे दिलंय. काल पहिला मसुदा आला. प्रश्न 1: फ्लेमिंगो एका पायावर उभे आहेत, ही शिक्षा त्यांना कुणी आणि कशाबद्दल दिली? मी प्रश्न खोडला नाही. खाली एवढंच जोडलं, की शरीराची उष्णता आणि स्नायूंचे श्रम, दोन्हींबद्दल तिथल्या मार्गदर्शकांना विचारून उत्तर पूर्ण करा.